बसल्या गाडीचं माप

मंगळवारी सकाळी अकरा वाजता टर्नरने पहिलं माप घेतलं आणि वहीत लिहिलं : एक हजार एकशे चौऱ्याऐंशी मिलिमीटर.

गाडी सेहेचाळीस वर्षांची होती. त्यातली शेवटची एकोणीस वर्षं ती एका शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली होती, कारण एका डोंगररस्त्यावर तिचा मागचा ॲक्सल मोडला होता आणि तसला ॲक्सल पुन्हा कुठे मिळाला नव्हता. आता गाडीच्या मालकिणीच्या मुलीने, ती शाळेत गणित शिकवायची, भंगारवाल्यांकडे महिनाभर खेपा घालून एका मोठ्या गाडीचा ॲक्सल मिळवला होता. तो बसत होता, पण त्याचं तोंड जुन्यापेक्षा पुढे येत होतं. म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत फिरत जाणारा लोखंडी पाइप, शाफ्ट, कापून आखूड करायला हवा होता.

"चार बोटं कापला की झालं," टर्नरचा मेव्हणा म्हणाला. वर्कशॉपमधलं वेल्डिंग त्याच्याकडे होतं.

"बोटं तुझी की माझी?"

"दाजी, लोक तुम्हाला मिलिमीटर म्हणतात ते काही उगाच नाही."

टर्नरला ते नाव आवडायचं, पण तसं त्याने कधी दाखवलं नव्हतं. या कामात त्याचा एकच हट्ट होता : माप उभ्या गाडीचं नाही, बसल्या गाडीचं घ्यायचं. जॅकवर उचललेल्या गाडीची चाकं लोंबतात, पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, सैल पडतात आणि सगळं माप खोटं होतं. गाडी स्वतःच्या चाकांवर उतरवायची, दोनदा पुढे-मागे ढकलायची आणि तिला बसू द्यायची. मग गाडीखालच्या खड्ड्यात उतरून टेप लावायची. जमलं तर प्रवासात जेवढं वजन गाडीत असणार, तेवढंच त्या वेळी ठेवायचं. लांबीत एकवेळ थोडं मागेपुढे चालतं, शाफ्टच्या पुढच्या टोकाला सरकायला जागा असते. कोनात चालत नाही. ॲक्सलचं तोंड पाट्यांवर चुकीच्या कोनात वेल्ड झालं, तर गाडी साठच्या पुढे थरथरू लागते आणि लांबच्या चढावर जोड तुटतो.

या गाडीपुढे लांबचा चढ होता. मुलीने आल्या आल्याच सांगितलं होतं, "रविवारी निघायचंय. सव्वादोनशे किलोमीटर, बराचसा डोंगर. काका महिनाभर अंथरुणावर आहेत. डॉक्टर म्हणाले, भेटून घ्या. आई म्हणते, जाईन तर याच गाडीतून."

"दुसरी गाडी घेऊन जा ना."

"हे तिला तुम्हीच सांगा," मुलगी म्हणाली. सांगून थकलेल्या माणसाचा तो आवाज होता.

मंगळवारी साडेचारला, चहा झाल्यावर, टर्नर पुन्हा खड्ड्यात उतरला. सकाळच्या मापावर त्याचा कधीच भरवसा नसे. टेपवर आलं एक हजार एकशे शहाऐंशी.

त्याने टेप बदलली. शहाऐंशी. टायरमधली हवा पाहिली, ती चारही चाकांत सारखी होती. चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची घेतली. मागची उजवी बाजू सकाळी टिपलेल्या उंचीपेक्षा सात मिलिमीटर खाली होती, डावी अठरा.

"दाजी, टेप प्यायलीय," मेव्हणा म्हणाला.

"दोन्ही टेपा?"

"एकीने दुसरीला पाजली असेल."

टर्नर हसला नाही. जुने पाटे आहेत, एकोणीस वर्षांनी वजन पडलंय, हळूहळू बसत असतील, असं त्याने मनाशी धरलं. ते पटण्यासारखं होतं. सहाला घरी जाताना सवयीने त्याने पुन्हा उंची घेतली. दोन्ही बाजू सकाळच्या जागी परत आल्या होत्या.

बसलेले पाटे आपणहून उठत नाहीत.

बुधवारी त्याने मागच्या बंपरवर पाणलेव्हल ठेवली, समोर स्टूल टाकलं आणि मेव्हण्याला दुसऱ्या गाडीच्या कामाला लावलं. दुपार चढली. पश्चिमेच्या खिडकीतून येणारा उजेड लेथवरून सरकून भिंतीवरच्या पान्यांवर गेला. चार वाजून दहा मिनिटांनी डावा पाटा करकरला. आवाज मोठा नव्हता. कुणी सावकाश, गुडघे सांभाळत बसावं तसा, दोन टप्प्यांत. लेव्हलमधला बुडबुडा उजवीकडे सरकला आणि तिथेच राहिला.

टर्नरने उठून मागचं डावं दार उघडलं. रेक्झिनची सीट, मधोमध थोडी चेपलेली. जुन्या सीटा चेपलेल्याच असतात. आत छापील कागदाचा वास होता, सकाळच्या ताज्या वर्तमानपत्राचा असतो तसा. त्याने दार लावलं. जोरात लावायला हात धजेना, म्हणून ढकलून लावलं.

सहाला दहा कमी असताना पाटा पुन्हा करकरला आणि बुडबुडा मध्यावर आला.

"काय झालं?" मेव्हण्याने विचारलं. तो केव्हाचा मागे येऊन उभा होता. टर्नरने वही दाखवली. मेव्हण्याने ती दोनदा वाचली.

गुरुवारी सकाळी, गाडी मोकळी असताना, टर्नरने वाळूची पोती आणली. एकेक तोलून मागच्या डाव्या सीटवर ठेवत गेला आणि दर वेळी उंची मोजत गेला. चाळीस किलोला अकरा मिलिमीटर. साठला सतरा. मग वाळू ओंजळीने. चौसष्ट किलोला डावी बाजू बरोबर अठरा खाली आली, उजवी सात. खड्ड्यात उतरून पाहिलं, तर माप एक हजार एकशे शहाऐंशी.

चार वाजून पाच मिनिटांनी त्याने सगळी पोती घाईघाईने बाहेर काढली. सीटवर सांडलेली वाळू मेव्हण्याने फडक्याने पुसून घेतली.

शुक्रवारी सकाळी मुलगी आईला घेऊन आली. आई सत्तरीची, ताठ, पायात कापडी बूट. वर्कशॉपमध्ये आल्यावर आधी तिने गाडीच्या टपावर तळहात ठेवला.

"तुम्हीच का ते मिलिमीटर?"

"लोक म्हणतात तसं."

"मग काय अडलंय?"

"अडलं नाही. आज पाइप कापायचा आणि कोन पक्का करायचा. त्याआधी एक विचारायचं होतं," टर्नर म्हणाला. त्याने वही उघडली, म्हणजे हातांना काम मिळालं. "रविवारी गाडीत काय काय असणार? वजनं सांगा. तेवढ्या वजनावर माप घेईन."

मुलगी म्हणाली, "आम्ही दोघीच."

"थांब गं," आई म्हणाली. "लिहा. ही गाडी चालवणार, अठ्ठावन्न. मी तिच्या शेजारी, एक्कावन्न. टपावर शिडी, बारा-तेरा असेल."

"शिडी?"

"माझ्या दिराची. ह्यांनी मागून आणली ती परत दिली नाही. त्यावरून दोघं भाऊ आठ वर्षं बोलत नव्हते. हसू नका, तुमच्याकडेही अशी एखादी शिडी असेलच. शेवटी एक दिवस हे म्हणाले, चल, नेऊन देतो. शिडी टपावर बांधली, निघालो आणि निम्म्या वाटेत ॲक्सल मोडला. ट्रकला बांधून गाडी घरी आणली. महिन्याभरात हे गेले, घरात, खुर्चीत बसल्या बसल्या. पोचायचं राहूनच गेलं."

टर्नर लिहायचा थांबला होता.

"पुढे लिहा," आई म्हणाली. "मागे डावीकडे चौसष्ट."

मेव्हण्याच्या हातातून वेल्डिंगची कांडी पडली आणि फरशीवर वाजत गेली.

"आई!" मुलगी म्हणाली. मग टर्नरकडे वळून हळूच, "बाबांचं वजन. दवाखान्याच्या शेवटच्या कागदावर आहे. तुम्ही मनावर घेऊ नका."

"ह्यांना गाडी येत नव्हती," आई सांगत राहिली, जणू विचारणाऱ्याने तेच विचारलं होतं. "गाडी मी चालवायचे. पुढे बसवलं की नसलेला ब्रेक पायाने दाबायचे, वळणावर डोळे मिटायचे. मग मीच सांगितलं, मागे बसा, डावीकडे, आरशात दिसाल असे. तीच जागा होऊन बसली. कामावरून चारला आले की चहासुद्धा घरात नाही. शेडमध्ये, गाडीत, पेपर घेऊन. सहा वाजत आल्याशिवाय उठायचे नाहीत."

चौसष्ट हा आकडा टर्नरने मेव्हण्याशिवाय कुणालाही सांगितला नव्हता.

मायलेकी गेल्यावर तो लेथला टेकून उभा राहिला. चूक झाली तर कशी होईल, ते त्याला स्पष्ट दिसत होतं. मागे चौसष्ट किलो धरून कोन पक्का केला आणि तिथे कुणीच बसलं नाही, तर गाडी सगळा डोंगर थरथरत चढेल. जोड सुटला तर ही बाई त्याच रस्त्यावर, तीच शिडी टपावर घेऊन, दुसऱ्यांदा उभी राहील. आणि तिकडे अंथरुणावरचा माणूस वाट पाहत राहील. उलट, मोकळ्या गाडीचं माप धरलं आणि कुणी बसलं तर?

"दाजी, हातांनी काय मोजलंत ते सांगा," मेव्हणा म्हणाला. "डोक्याचं नंतर बघू."

"हातांनी शहाऐंशी."

"मग?"

पुढच्या दोन सीटांवर पोती आली, टपावर लोखंडी पट्ट्या बांधल्या. मागची डावी सीट त्यांनी मोकळी ठेवली. दोघं थांबले. चार वाजून दहा मिनिटांनी पाटा करकरला. बुडबुडा सरकला. टर्नरने कोन लावून पाहिला, मान हलवली आणि मेव्हण्याने पाट्यांवर ॲक्सल जिथे टेकतो त्या बैठकांना वेल्डिंगचे टाके घातले. निळ्या उजेडात मागची काच एकदा उजळली. त्या क्षणी मेव्हण्याने मान खाली घातली ती काम संपेपर्यंत वर केली नाही. मग पाइप लेथवर चढला, हिशोबाने आखूड झाला, टोक पुन्हा सरळ रेषेत वेल्ड झालं. शनिवारी शाफ्टचा तोल पाहून झाला. सगळं घट्ट बसलं.

रविवारी सकाळी सातला गाडी निघाली. सुरू होताना तिचा आवाज घसा साफ करून बोलायला लागलेल्या माणसासारखा होता. आई पुढे बसली. निघताना तिने आरसा स्वतःकडे वळवून घेतला आणि मागे पाहिलं.

"अगं, मला कसं दिसणार मग?" मुलगी म्हणाली.

"बाजूचे आरसे आहेत की दोन."

सोमवारी दुपारी तीनला त्या परतल्या. टर्नर सकाळपासून दाराशी तीनदा येऊन गेला होता. मुलीने गाडी आत घेतली, उतरली आणि स्टुलावर बसली.

"काका?" मेव्हण्याने भीत भीत विचारलं.

"उठले," ती म्हणाली. "महिनाभर कूस बदलायला दोन माणसं लागत होती. आम्ही पोचलो तेव्हा फाटकाशी उभे होते, काठीसुद्धा नाही. मी हाका मारतेय, माझ्याकडे लक्ष नाही. सरळ मागच्या डाव्या दाराशी आले, दार उघडलं, हात पुढे केला. असा, एखाद्याला उतरायला देतात तसा. म्हणाले, 'किती उशीर, दादा.' मग शिडी पाहून इतके हसले की खोकला लागला. रात्री व्यवस्थित जेवले. सकाळी डॉक्टरांनी दोनदा तपासलं."

"आणि गाडी?"

"जाताना नुसती वाहत होती. येताना साठच्या पुढे थोडी थरथर. सगळा रस्ता."

टर्नरने उंची घेतली. डावी बाजू मोकळ्या गाडीची. तरी त्याने पाणलेव्हल बंपरवर ठेवली आणि घड्याळाकडे पाहत बसला. चार दहा झाले. सव्वाचार झाले. बुडबुडा मध्यावर होता आणि मध्यावरच राहिला. गाडीत वाळलेल्या रेक्झिनशिवाय कसलाच वास नव्हता. टर्नरला हलकं वाटलं, आणि थोडं चुकल्यासारखंही.

"पाट्यांखाली पातळ पाचर घालतो," तो आईला म्हणाला. "थरथर जाईल. आता माप मोकळ्या गाडीचं."

"घाला," आई म्हणाली. तिचा चेहरा खूप दिवसांनी पुरती झोप झालेल्या माणसाचा होता. "पण त्याआधी आणखी एक माप घेऊन ठेवा. वहीत असू दे."

ती मागचं उजवं दार उघडून आत बसली. ऐसपैस नाही, खिडकीला टेकून, शेजारी जागा ठेवून. गुडघे किंचित डावीकडे वळवले, शेजारच्याशी बोलायला सोयीचं पडेल असे.

"तुम्ही तर पुढे बसता," टर्नर म्हणाला.

"एका खेपेला मागे बसायचंय. तेव्हा लेक मला तिकडे, ह्यांच्याकडे, सोडायला येईल. घाई नाही, अजून पुष्कळ कामं आहेत मला. पण तुम्हीही काही जन्मभर लेथवर बसणार नाही, म्हणून म्हटलं."

मुलगी बाहेर नळावर तोंड धूत होती. टर्नर खड्ड्यात उतरला, टेप लावली, वर आला, दोन्ही बाजूंची उंची घेतली. वहीत लिहिलं : मागे उजवीकडे, एक्कावन्न किलो. माप लिहिलं, कोन लिहिला. तारखेच्या रकान्याशी त्याची पेन्सिल थांबली.

"ती कोरी ठेवा," आई आतून म्हणाली. "आम्ही कळवू."