बंद पंपावरचा स्कूटर क्लास

दुसऱ्यांना गाडी शिकवणारी बाई स्वतःच्या गाडीत पेट्रोल आहे की नाही ते बघत नाही, आता याला काय म्हणावं! हडपसर मागे पडलं, सासवडचा रस्ता लागला आणि ऋतुजाची स्कूटर दोन उचक्या देऊन बंद पडली. एप्रिलचं ऊन, दुपारचे दोन. अर्धा किलोमीटर ढकलल्यावर पेट्रोल पंपाचं उंच छत दिसलं, तेव्हा तिला अगदी देव भेटल्यासारखं वाटलं.

छत होतं, पण खाली पंप नव्हता. चौथऱ्यांतून कापलेले पाइप तेवढे वर आलेले. सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तिशीतला एक माणूस बसला होता.

"एक लिटर द्या हो पटकन."

"उशीर केलात. सहा वर्षांपूर्वी आला असतात तर दिलं असतं."

"मग आता इथे काय विकता?"

"सावली. पण ती फुकट आहे, बसा."

ऋतुजाला राग यायला हवा होता, पण हसू आलं. त्या माणसाने, म्हणजे रणजितने, स्वतःच्या मोटारसायकलमधून नळीने बाटलीभर पेट्रोल काढून दिलं. ते ओतताना तिचं लक्ष जमिनीवर गेलं. सपाट, ऐसपैस काँक्रीट. वर छत, म्हणजे पावसातही कोरडं… आणि रस्त्यापासून चांगलं आत!

तिचं घोडं नेमकं इथेच अडलं होतं. चाळिशी ओलांडलेल्या बायकांना ती स्कूटर शिकवायची. ज्या मोकळ्या प्लॉटवर क्लास चालायचा, तिथे गेल्याच आठवड्यात बिल्डरने पत्रे ठोकले. अकरा बायका ताटकळल्या होत्या. महिन्याभरात जागा मिळाली नाही तर क्लास बंद, आणि ज्या नोकरीचा राजीनामा साहेबाच्या तोंडावर फेकून ती बाहेर पडली होती, तिथेच पुन्हा मान खाली घालून जायचं.

"सकाळी दोन तास ही जागा मला द्याल?" तिने विचारून टाकलं. "पण खाली टाक्या असतील ना? बायका पडतात-झडतात, जमीन पक्की हवी."

रणजितने बाटलीचं झाकण लावलं… पुन्हा काढलं… पुन्हा लावलं.

"भरल्यात. वाळूने."

झालं, सोमवारी क्लास सुरू झाला. रणजितने खडूने जमिनीवर लायसन्सच्या परीक्षेतला आठाचा आकडा काढून दिला. उजव्या कोपऱ्यात मात्र जुने टायर रचून ठेवले, "या बाजूला गाडी नको" एवढंच म्हणाला. सकाळी सातला बायका यायच्या, पावणेसातला तो चहाचा थर्मास घेऊन हजर.

"तुम्हाला कामधंदा नाही का हो?" ऋतुजा विचारायची.

"आहे ना. मांजरी गावात शेती आहे, गोठा आहे. दोन्हीकडे तक्रार आहे की मी नसतो."

"मग जा की!"

"चहा कोण देईल?"

बायकांना काय कळत नाही होय? त्यांच्यातल्या विजयमालाताई तर महातिखट. मार्केट यार्डातल्या गुळाच्या आडत्याच्या घरातल्या, वय बावन्न. घरात चार गाड्या, पण मैत्रिणीकडे जायचं तरी कुणाची तरी मनधरणी करायची, म्हणून हट्टाने शिकायला आलेल्या. आठ काढता काढता त्या मोठ्याने म्हणाल्या, "मास्तरीणबाई, फी आम्ही भरतो, पण शिकतंय दुसरंच कुणीतरी!" ऋतुजा कानापर्यंत लाल झाली. रणजितने घाईघाईने थर्मास उचलला, तो नेमका उलटा.

जुलैत एका सकाळी बायका गेल्यावर तो टायरांपाशी उभा राहिला. बाहेर पाऊस लागून राहिला होता. "इथे माझा भाऊ गेला," तो म्हणाला. "संभाजी. टाकी साफ करणारी माणसं आली नाहीत, तर स्वतःच उतरला. वर दोर मी धरला होता. गिऱ्हाईक आलं… दोर खांबाला बांधला आणि गेलो. पाच मिनिटं, ऋतुजा. आतल्या वाफेने तेवढ्यात…"

तिने त्याचा हात धरला. ओला, गार हात.

"अजून एक सांगायचंय तुला," तो म्हणाला.

"थांब. आधी मी सांगते, नाहीतर माझा धीर जाईल." डोळे मिटून तिने एका दमात सांगितलं, "मला तू आवडतोस. चहासाठी नाही, जागेसाठी नाही. सकाळी तुझी मोटारसायकल दिसली नाही तर माझा दिवसच उजाडत नाही. बास. आता हस."

तो हसला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ओठांवर आलेलं काहीतरी त्याने गिळून टाकलं.

"तू काय सांगणार होतास?"

"तेच," रणजित म्हणाला.

वेडी पोर! त्या एका शब्दावर ती दोन महिने तरंगत राहिली.

भाद्रपदात सलग चार दिवस पाऊस झोडपत होता. पाचव्या दिवशी उघडीप मिळाली म्हणून क्लास भरला. विजयमालाताईंची परीक्षा आठवड्यावर आली होती. त्या आठाच्या दुसऱ्या वळणावर होत्या, तेवढ्यात जमिनीच्या पोटात धाडकन आवाज झाला. कोपऱ्यातलं काँक्रीट तडकून हातभर वर उचललं गेलं, टायर घरंगळले आणि ताई स्कूटरसकट आडव्या झाल्या. त्यांच्या पायावर गाडी, आणि मागे भेगेतून वर आलेली टाकीची गंजकी पाठ.

मांडीचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलच्या जिन्यावर ऋतुजाने रणजितला गाठलं.

"वाळू भरलेली टाकी वर कशी आली?"

"रिकामी होती."

"काय?"

"जमिनीत पाणी चढलं की रिकामी टाकी वर येते, विहिरीत बंद डबा तरंगतो तशी. वडील सहा वर्षं सांगतायत, भरून टाक. मला नाही जमलं. वाळू टाकायची म्हणजे… त्याच्यावरच टाकतोय असं वाटायचं."

"आणि मला भरल्यात म्हणालास. त्यावर मी बायका उभ्या केल्या, रणजित!" तिचा आवाज फाटला. मग काहीतरी आठवून ती थबकली. "त्या दिवशी… हेच सांगणार होतास?"

"हो."

"आणि 'तेच' म्हणालास."

तिला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं, आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. ती वर ताईंकडे गेली. ताईंचा मुलगा बाहेरूनच गुरकावला, "झाली हौस? आता गाडीचं नाव काढायचं नाही." ताई भिंतीकडे बघत होत्या. तिखट जिभेची ती बाई एक अक्षर बोलली नाही. ऋतुजाला ते सगळ्यात जास्त लागलं.

क्लास बंद पडला. तीन आठवडे रणजितने फोन केला नाही, तिनेही नाही. मग एक मेसेज आला : उद्या टाक्या भरतोय. तू यावंस असं वाटतं.

न जाण्याची शंभर कारणं होती. ती गेली.

वाळूचा डंपर उभा होता. टाकीच्या तोंडाशी रणजित आणि त्याचे वडील, आप्पासाहेब. म्हाताऱ्याने ओंजळभर वाळू घेतली होती, पण हात काही उघडेनात.

"पोराला बाहेर काढलं व्हतं गं आपण," ते ऋतुजाकडे बघून म्हणाले, जणू ती घरचीच. "समद्यांनी बघितलं. तरी वाटतं, आतच हाय."

रणजितने त्यांच्या हाताखाली आपले हात धरले. वाळू हळूहळू दोघांच्या बोटांतून आत गेली. मग डंपरवाल्याला खूण केली आणि धुरळ्यात काही दिसेनासं झालं.

"पुन्हा येशील?" धुरळा बसल्यावर त्याने विचारलं.

"प्रेम आहे माझं तुझ्यावर, ते काही गेलं नाही. पण तुझ्या शब्दावर आता पाय टाकवत नाही. मी काय करू, तूच सांग."



"मग एक खरं सांगतो. ताई पडल्या ना… त्या जगल्या की गेल्या, हे माझ्या मनात नंतर आलं. आधी आलं, आता ऋतुजा मला सोडून जाणार."



"हे फार वाईट आहे, रणजित."

"हो."

"ताईंना हे सगळं सांगशील? टाकी रिकामी होती, तेसुद्धा? त्यांच्या तोंडावर?"

"आजच."

"मी बरोबर येते. बोलायचं मात्र तू," ती म्हणाली. मग आप्पासाहेबांना हाताला धरून तिने खुर्चीत बसवलं, आणि दुसरा डंपर येईपर्यंत ती तिथेच थांबली.