पालथी बादली

शनिवारी सहाच्या बातम्यांनंतर रेनो कांगास रेडिओवर बोलला नाही, तेव्हाच त्याच्या बायकोला, आयलीला, काहीतरी बिनसलंय हे कळलं. ती चर्चच्या स्वयंपाकघरात पावाचं पीठ मळत होती. पिठाच्या हातांनीच ती आधी प्रचार कचेरीत धावली. रेनोचा बालमित्र तौनो लेहतो तिथे एकटाच आपल्या उमेदवाराचे फलक चिकटवत बसला होता. रेडिओ बंद होता. दोघं घरी आली. परसातल्या सौनात, गावात घरोघरी असते तशा वाफेच्या आंघोळीच्या लाकडी खोलीत, वरच्या बाकावर रेनो मरून पडला होता.

रेनो खाणकामगारांच्या युनियनचा अध्यक्ष. बाजार कोसळला तशी पोलादाची मागणी गेली आणि गावातली लोखंडाची खाण बंद झाली. सेनेटच्या दोन उमेदवारांत आता नखभर अंतर उरलं होतं. रेनो ज्याचं नाव घेईल त्याला सगळं गाव मत देणार होतं. ते नाव तो त्या संध्याकाळी घेणार होता.

शेरीफचा डेप्युटी आर्ने सेपाला आला तेव्हा सौना कोमट होता. गेल्या हिवाळ्यात आर्नेची बायको गेली. तेव्हापासून मेलेल्या माणसाजवळ तो घाई करत नसे.

त्याने बघितलं. बादली पालथी घातलेली. लाकडी ओगराळं खिळ्याला. झरोका उघडा. भट्टीतली राख काढून नवी लाकडं रचलेली. बाहेर, दारापुढच्या फळीवर, काहीतरी रुतल्याची ताजी खूण.

"तू काही आवरलंस, आयली?"

"मी त्याचा हात धरून बसले होते. तुझी लिंडा गेली तेव्हा तू आवराआवर केलीस का?"

"नाही."

"त्या वॉशिंग्टनवाल्याला विचार," तौनो दारातून म्हणाला. "सकाळी कॅफेत रेनोशी भांडला. दुपारी इथून पळताना लोकांनी बघितलाय."

रविवारी शेरीफने डेरेक प्रुइटला कोठडीत टाकलं. डेरेक म्हणजे तोच वॉशिंग्टनवाला, तौनोच्या समोरच्या उमेदवाराचा प्रचारक. कोठडीला खिडकी नव्हती. तो भिंतीला पाठ लावून बसला होता.

"भांडण कशावरून?" आर्नेने विचारलं.

"मी म्हटलं, खाण बंद पडली तेव्हा तुमचा माणूस कुठे होता? ते म्हणाले, बँका बुडाल्या तेव्हा तू कुठे होतास? मी बँकेतच होतो, साहेब. तिथली नोकरी गेली म्हणून तर हे काम धरलं."

"मग परसात कशाला गेलास?"

"माफी मागायला. त्यांनी हसून मला सौनात बसवलं आणि दगडांवर पाणी ओतलं. माझा जीव गुदमरला. मी बूट हातात घेऊन पळालो."

"बादली कुठे होती?"

"पायात आली. भरलेली होती."

"आंघोळ झाल्यावर तुमच्याकडे काय आवरतात?"

"काय आवरायचं? टॉवेल टाकायचा नि निघायचं." तो उठून दाराशी आला. "मी इथे आहे हे बायकोला अजून सांगितलं नाही. सांगावं लागेल का?"

"थोडं थांब."

सोमवारी आर्नेने तौनोला आयलीच्या स्वयंपाकघरात बोलावलं. तिने तिघांची कॉफी ओतली.

"उष्णतेने मरणारा माणूस झरोका उघडू शकला, तर तो मरत नाही," आर्ने म्हणाला. "बादली पालथी घालायची, झरोका उघडायचा, पुढच्यासाठी लाकडं रचायची. हे शेवटी बाहेर पडणाऱ्याचं काम. रेनो बाहेर पडलाच नाही. मग जो पडला तो आपल्यात वाढलेला. डेरेकला यातलं काही ठाऊक नाही."

"गावात सगळेच आपले आहेत, बाबा," तौनो म्हणाला.

"हो. पण शनिवारी सहाला सगळं गाव रेडिओला कान लावून होतं. ज्याच्या उमेदवाराचं नशीब ठरायचं, त्याचाच रेडिओ बंद. रेनो बोलणार नाही हे तुला ठाऊक होतं, तौनो. फळीवरची खूण फावड्याची आहे. दाराच्या कडीखाली दांडा टेकवला की आतला माणूस अडकला."

तौनोने कपाला हात लावला नाही.

"तो समोरच्याचं नाव घेणार होता," तो म्हणाला. "मला एकट्याला सांगितलं. म्हणाला, 'तुला आधी कळावं.' आमचा माणूस पडला असता तर खाण उघडणार कोण? मला फक्त त्याचं रेडिओवरचं बोलणं टाळायचं होतं. भट्टी विझत आली असेल असं वाटलं. त्याने ती नुकतीच भरली होती. राहवलं नाही म्हणून सहाच्या आत परत आलो, तर..." त्याने हातांकडे बघितलं. "बादली कधी पालथी घातली, मला आठवतही नाही."

"तो दार वाजवत होता?" आयलीने विचारलं.

"हो."

"कुणाला हाक मारत होता?"

"मला," तौनो म्हणाला. "दार मी अडकवलंय हे त्याला माहीत नव्हतं."

आयलीने त्याचा कप उचलला आणि कॉफी मोरीत ओतली.

त्याच दुपारी डेरेक सुटला. तो थेट बायकोला फोन करायला गेला. मंगळवारी गावाने मतदान केलं. रेनोला काय बोलायचं होतं ते रेडिओवर कुणी सांगितलं नाही.

तपास संपला, तरी आर्ने दर शनिवारी आयलीकडे जातो. परसात दोघं थोडा वेळ उभी राहतात. तौनोने रचलेली लाकडं भट्टीत तशीच आहेत. ती अजून कुणी पेटवलेली नाहीत.