धारेपलीकडच्या मेंढ्या

मेंढ्या दिसायच्या आधी मारेदला त्यांचं रवंथ ऐकू आलं. धुकं असं दाटलं होतं, की पायांशी घोटाळणारी तिची कुत्री फ्लॉससुद्धा मधूनच नाहीशी होत होती. डोंगराची धार तिने मघाशीच ओलांडली होती. धारेच्या अलीकडचा उतार ब्लाइनान्तचा, म्हणजे तिच्या बाबांच्या शेताचा, पलीकडचा एस्गेर नावाच्या शेताचा. मध्ये ना तार, ना गडगा. वेल्सच्या त्या डोंगरावर कुणी कधी कुंपण घातलंच नव्हतं. मेंढीला आपली हद्द आईकडून कळते, आईला तिच्या आईकडून, अशी तिथली रीत. मारेदच्या मेंढ्यांना मात्र ही रीत कुणी सांगितलेली दिसत नव्हती.

धुकं जरा विरळ झालं आणि एका पडक्या झोपडीच्या भिंती पुढे आल्या. पूर्वी लोक उन्हाळ्यात गुरं घेऊन वर राहायला येत, त्या काळची झोपडी. भिंतीवर एक तरुण बसला होता, पाव आणि चीज खात. आणि त्याच्याभोवती, पाठीवर ब्लाइनान्तचा लाल ठिपका मिरवत, तिच्या मेंढ्या पाय मुडपून बसल्या होत्या... लेकी माहेरी आल्यावर ओसरीवर बसतात तशा.

“काय घातलंस यांना?” मारेदने विचारलं.

“आधी ख्यालीखुशाली विचारतात आमच्याकडे,” तो म्हणाला. “लिव्हरपूलला थेट आरोपच करतात वाटतं?”

“मीठ ठेवलंयस कुठेतरी. नाहीतर रोज इकडेच कशाला येतील?”

“गवत बरं असेल.” त्याने चीजचा एक तुकडा मोडून तिच्यापुढे धरला. “किंवा माणसं.”

तिने तुकडा घेतला नाही. पण घरी पोचेपर्यंत तिच्या लक्षात राहिले ते त्याचे डोळे – धुक्यात पाण्याचा रंग होतो ना, तसे – आणि आपण त्याला ओळखलं नाही तरी त्याने आपल्याला ओळखलं, ही गोष्ट. गेथिन तो. एस्गेरचा. रविवारच्या शाळेत मागच्या बाकावर बसायचा, खिशात बेडूक घेऊन.

मारेद कितीतरी वर्षं लिव्हरपूलच्या इस्पितळात नर्स होती. मागच्या शरदात ती परत आली, कारण तिच्या बाबांनी अंथरूण धरलं होतं. त्याआधीच्या हिवाळ्यात, बघणारं कुणी नाही म्हणून, बाबांनी सगळा कळप विकून टाकला होता. डोंगरातला माणूस असं करत नाही. कूळ बदललं, घरात नवी माणसं आली, तरी कळप डोंगराचाच राहतो. बाबा त्याबद्दल बोलत नसत; भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

मग मारेदने बाजारातून मेंढ्या आणल्या. डोंगरातलीच मेंढी डोंगरावर टिकेल, असा तिचा सरळ विचार. हिवाळाभर त्यांना खालच्या शेतात जपलं, वसंतात कोकरं झाली आणि ते लेंढार घेऊन ती वर गेली. जमिनीच्या मालकाच्या कारभाऱ्याने, प्रॉथेरोसाहेबांनी, तिला स्पष्ट सांगितलं होतं. शरदात सगळ्यांच्या मेंढ्या डोंगरावरून उतरवतात, त्या दिवशी तिचा कळप तिच्या हद्दीत दिसला तर जमिनीचा पट्टा तिच्या नावे होईल. नाही दिसला तर वरचा डोंगर लाकडासाठी स्प्रूसची झाडं लावायला जाईल. आणि डोंगर गेला तर खालच्या ओल्या तुकड्यावर कुणाचं पोट भरत नव्हतं. बाबांना ते घर सोडावं लागलं असतं.

म्हणून ती रोज उठून डोंगर चढायची. मेंढ्या रोज धार ओलांडायच्या. तीही ओलांडायची.

आता खरं सांगायचं तर, तिला पहिल्या काही आठवड्यांत जेवढा राग यायचा, तेवढा पुढे येईनासा झाला. गेथिन कधी झोपडीची कोसळलेली भिंत रचत असायचा, कधी नुसताच बसलेला. ती आली की म्हणायचा, पाहुण्या आल्यात तुझ्या, चहा मागतायत. ती म्हणायची, तुझ्यासारखंच काम नाही त्यांना. तो दगड तिच्या हातात द्यायचा आणि कुठे बसेल ते विचारायचा. तिने दाखवलेल्या जागी दगड हमखास डगमगायचा, तरी तो तिथेच बसवायचा. ढासळेल, ती म्हणायची. ढासळू दे, तो म्हणायचा, परत रचू... तेवढंच.

जुलैत डोंगरावरची निळी-काळी बोरं पिकली. एकदा ती ओंजळ भरून खात असताना तो तिच्याकडे बघून हसायला लागला. तिचे ओठ शाई प्यायल्यासारखे झाले होते. तिने मनगटाने पुसले, तर ते गालभर पसरलं. त्याचा हात उठला... आणि अर्ध्यात थांबून परत दगडावर गेला. त्या अर्ध्यात थांबलेल्या हाताने तिची रात्रीची झोप मात्र नेली. अंगात कसली तरी तगमग भरून राहिली. घरात असली की डोंगर दिसायचा, डोंगरावर असली की बाबांचा खोकला ऐकू यायचा, आणि लिव्हरपूलहून मेट्रनचा निरोप आला होता, जागा अजून रिकामी आहे म्हणून. कुठेच पाय ठरत नव्हता. मेंढ्या कुठे जातात असं बाबांनी विचारलं, की ती सांगायची, वरच्या अंगाला. आपल्याच. बाबा पुन्हा भिंतीकडे वळायचे.

लोकर कातरायचा दिवस त्या वर्षी एस्गेरला होता. सगळ्या शेतांतली माणसं जमली. पुरुष बाकांवर बसून कात्र्या चालवत होते, बायका मनुकांचा पाव कापत होत्या, आणि कातरलेली मेंढी हडकुळी, लाजल्यासारखी होऊन उड्या मारत सुटत होती. मारेद तिच्या मेंढ्यांच्या पाठीवर नवा लाल ठिपका लावत होती. शेजारच्या शेतावरच्या जेन मावशींनी एकीचं डोकं धरलं आणि लोकर गेल्यामुळे उघडा पडलेला कान बोटांनी सरळ केला.

“एस्गेरच्याच गं या,” त्या म्हणाल्या. “टोकाला खाच आणि खाली चीर. गेथिनच्या आजोबांपासूनची खूण.”

मारेदचा ब्रश हवेतच राहिला. ही खूण तिला लहानपणी पाठ होती. शहराने पुसली होती. दर शरदात डोंगरातल्या म्हाताऱ्या मेंढ्या विकतात, पण लांब, खाली सपाटीला. धारेला धार लागलेल्या शेजाऱ्याला एकही विकत नाहीत. कारण मेंढी आपली जागा विसरत नाही. आपण बाजारात उशिरा पोचलो, कुणाच्या ते पुकारलेलं ऐकलंच नाही, आणि कुणाला विचारायची लाज वाटली, म्हणून विचारलं नाही... हे तिला सगळं एकदमच आठवलं.

“मावशी, तुम्ही कुणी मला सांगितलं का नाही?”

जेन मावशी गोंधळल्या. “अगं, आम्हाला वाटलं तू मुद्दामच घेतल्यास.”

“मुद्दाम? कशाला?”

पाव कापणाऱ्या बायका सुऱ्यांकडे बघायला लागल्या. “रोज धार ओलांडायला पोरीला काहीतरी निमित्त लागतंच की,” मावशी हळूच म्हणाल्या. “नावं नाही हो ठेवली कुणी. हुशारच म्हटलं.”

गोठ्यामागे गेथिन लोकरीचे गठ्ठे रचत होता. ती समोर उभी राहिली आणि तिच्या चेहऱ्यावरून त्याला काय ते कळलं.

“तू बाजारात होतास.”

“होतो.”

“मी बोली लावताना बघितलंस.”

“बघितलं.” त्याने हातातला गठ्ठा खाली ठेवला. “सांगायला तोंडही उघडलं होतं, मारेद. पण तू मागे वळून बघितलंस... केस पावसाने गालाला चिकटलेले... आणि मनात आलं, हिने या घेतल्या तर ही उन्हाळाभर धारेवर येईल. एवढंच आलं मनात. पट्ट्याचं मला ठाऊक नव्हतं.”

“आणि ठाऊक झाल्यावर?”

त्याने वाकून गठ्ठ्याची दोरी उगाच पुन्हा आवळली. ते उत्तर पुरेसं होतं.

“कोकरं शिकतायत, गेथिन,” ती म्हणाली. “त्यांच्या आया त्यांना तुझा डोंगर शिकवतायत. या उन्हाळ्यात शिकली की कायमची. आणि तू भिंतीवर बसून मला चीज देतोस.”

त्या दिवसानंतर ती धारेपलीकडे गेली नाही. पहाटे, दव पडलेलं असतानाच ती धारेवर उभी राहायची, मेंढ्या वर यायच्या आत. फ्लॉसला डावीकडे पिटाळायची, आपण उजवीकडे धावायची. कळप एका बाजूने वळवला की दुसऱ्या बाजूने पाझरायचा. पावसात, वाऱ्यात, नेच्यांच्या ओल्या रानात ती नुसती फिरत राहायची. पण एकटं माणूस आणि एक कुत्री लांबलचक धार राखू शकत नाहीत. संध्याकाळी खाली उतरताना तिला ठाऊक असायचं, काहीजणी गेल्याच.

आणि मग एका सकाळी त्या परत आल्या. आपणहून नव्हे, पळत, कान मागे टाकून, घाबरून. त्यांच्यामागे धारेवर गेथिनचा काळा कुत्रा दिसला, आणि कुत्र्यामागे गेथिन. तो धारेपाशी थांबला. हातही केला नाही. वळून पलीकडच्या अंगाने चालू लागला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. आपला स्वतःचा कळप त्याने खालच्या कुरणात नेऊन ठेवला, म्हणजे वर बोलवायला सोबतिणी उरल्या नाहीत. डोंगर रिकामा ठेवून त्याने खालचं गवत संपवलं, हिवाळ्यासाठी राखलेलं, असं जेन मावशींनी चॅपेलबाहेर मारेदला ऐकू जाईल इतक्या हळू सांगितलं. तिने ऐकलं नाही असं दाखवलं. धारेच्या अलीकडून ती चालायची, पलीकडून तो. कधी वाऱ्यावर त्याची शीळ यायची. तिला राग होता, होताच. पण शीळ आली नाही की तिची पावलं हळू व्हायची, आणि स्वतःच्या पावलांचाही तिला राग यायचा.

सप्टेंबर संपत आला असताना एकदा दोघं धारेवर समोरासमोर आले. मधे एक म्हातारी मेंढी, तोंडावर काळे ठिपके असलेली. ती गेथिनकडे पाहून हलकेच ओरडली आणि दोन पावलं त्याच्याकडे सरकली. त्याने काठी आपटली. मेंढी दचकली, पण हटली नाही.

“हिला मी बाटलीने दूध पाजलंय,” तो म्हणाला. “आता रोज हिच्यावर कुत्रा सोडतो. कळत नाही बिचारीला.”

मारेदने फ्लॉसला पायांशी बसवलं.

“काम होत आलंय तुझं. आणखी थोडे दिवस, की कुणीच येणार नाही इकडे.” तो हसायचा प्रयत्न करत होता. “माझ्या हाताने माझं नुकसान करतोय बघ. सगळ्यांना परत पाठवतोय. तुलासुद्धा.”

“मला कुणी पाठवलेलं नाही. मी माझी थांबलेय.”

“हो,” तो म्हणाला. “तेही कळतं मला.” आणि त्याने म्हाताऱ्या मेंढीला गळ्याशी धरून, उचलल्यासारखं करून, मारेदच्या बाजूला वळवलं.

मेंढ्या उतरवायच्या दिवशी आकाश निवळ होतं. पहाटेच माणसं रांगेने डोंगर चढली, कुत्रे मोकळे सोडले, शिट्ट्या दरीभर घुमल्या. प्रॉथेरोसाहेब बूट जपत खालच्या वाड्याच्या गडग्यापाशी उभे होते. एकेका शेताचा कळप आपापल्या उतारावरून, पाणी आपल्या ओहोळाने यावं तसा, खाली येत होता. मग ब्लाइनान्तच्या वळणावरून लाल ठिपके दिसू लागले. पुढे मेंढ्या, आणि त्यांना चिकटून, थोराड झालेली कोकरं.

साहेबांना मेंढ्यांतलं फारसं कळत नव्हतं. त्यांनी जेन मावशींच्या नवऱ्याला, म्हाताऱ्या एद्रिदला, विचारलं, धरलाय का डोंगर यांनी. एद्रिदने पाइप तोंडातून काढायला भलताच वेळ लावला. म्हाताऱ्या अजून मागे वळून बघतात, तो म्हणाला, त्यांचं ते मरेपर्यंत राहणार. पण कोकरं बघत नाहीत. कोकरं इथली झाली.

पट्टा मारेदच्या नावे करायचं ठरलं. घरी येऊन तिने बाबांना सांगितलं. ते उठून बसले, खिडकीकडे तोंड करून, आणि कळपातली दांडगी कोकरं कुठली ते विचारत राहिले. मेट्रनला तिने नाही म्हणून कळवलं. सगळं मनासारखं झालं होतं. आता बसून चहा घ्यायचा, इतकंच उरलं होतं.

तिने चहा घेतला नाही. स्वयंपाकघरातून अंगणात, अंगणातून परत आत, अशा चकरा मारल्या. कळप खाली कुरणात होता. डोंगरावर तिचं एक जनावर नव्हतं, वर जायला काडीचं कारण नव्हतं. तरी तिने बूट चढवले.

धारेवर वारा होता आणि ऊन तिरपं झालं होतं. गेथिन पडक्या झोपडीपाशी होता. तिला पाहून उभा राहिला आणि घाईघाईने इकडेतिकडे नजर फिरवली.

“कुणी राहिलीय का इकडे?” त्याने विचारलं. “मी सगळीकडे बघितलं होतं.”

“नाही. सगळ्या आहेत.”

“मग?”

मारेदला वाटेत कितीतरी वाक्यं सुचली होती. वाऱ्याने सगळी नेली.

“मी मेंढ्या शोधायला आले नाहीये,” ती म्हणाली.

तो जागेवरून हलला नाही. जणू हललं तर बिघडेल. मग अगदी हळू म्हणाला, “अजून रागावलीयस?”

“थोडी. राहील काही दिवस.” तिने केस कानामागे सारले, वाऱ्याने परत पुढे आणले. “आणि ऐक. मी एस्गेरला नांदायला येणार नाही. ब्लाइनान्त माझं आहे. बाबांना तिथून हलवणार नाही. यायचं असेल तर तुलाच यावं लागेल, धार ओलांडून.”

गेथिनने मागे पाहिलं. खाली त्याच्या घराचा धूर, धाकटा भाऊ गाई आत घेत होता. तो बराच वेळ पाहत राहिला, आणि तिने त्याला पाहू दिलं.

“मी जुनाट जनावर आहे, मारेद,” तो शेवटी म्हणाला. “पहिल्या वर्षी सारखा इकडे पळून येईन. चुकून. सवयीने.”

“येशील.”

“मग?”

“मग काय... मी आहेच की वळवायला.”

तो हसला, आणि त्याचा हात उठला, आणि या वेळी मध्येच थांबला नाही. गालावरचे तिचे केस त्याने बाजूला केले. बोटं गार होती, दगडांनी खरखरीत झालेली. ती क्षणभर तशीच उभी राहिली, डोळे मिटून. मग फ्लॉसला शीळ घातली आणि आपल्या उताराने खाली चालू लागली. मागे वळून बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. आधी नुसता वाराच ऐकू येत होता. मग बुटांचा आवाज आला, लांबून, अडखळत... आणि मग जवळून.