मुळासकट उपटलेलं सॅलड

हर्षा वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली, तर पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक तरुण चक्क पालथा पडला होता. हनुवटी जमिनीला टेकलेली आणि डोळे समोरच्या उथळ ट्रेवर खिळलेले. ती ओरडणारच होती…

"श्श! हळू चाला. उगवून राहिले."

"कोण उगवून राहिले?"

"बघा ना."

खरं तर अनोळखी माणसाचं असं ऐकायला हर्षा काही भोळी नव्हती. पण ती वाकली. ओल्या, भुसभुशीत कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यात, टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे ठिपके दिसत होते. त्यातल्या एकाने बियाचं टरफल अजून टोपीसारखं घातलं होतं. ते हललं, सरकलं… आणि तिच्या डोळ्यांदेखत गळून पडलं. दोन इवलीशी पानं उघडली. हर्षा गुडघ्यांवर खाली बसली. मिहानच्या आयटी पार्कातल्या ऑफिसात दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या या मुलीने काही उगवताना आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"पाच प्रकारचं बी एकत्र टाकलं," तो कपडे झटकत उठला. "हिरवं लेट्यूस, लाल लेट्यूस, पालक, बीट अन् रॉकेट नावाची एक विलायती भाजी. कोवळं असतानाच कच्चं खायचं, सॅलड म्हणून. मी प्रशिक. तिसऱ्या माळ्यावर नवीन आलो."

"मी हर्षा. दुसऱ्या माळ्यावर जुनी."

त्या दिवसापासून प्रताप नगरातल्या त्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात जास्त कपडे हर्षाच्या घरचे धुतले जाऊ लागले. ऑफिसची बस यायच्या आधी एकदा आणि परत आल्यावर एकदा, गच्चीवर चक्कर ठरलेली. एका सकाळी प्रशिकने दातेरी कडांचं एक पान खुडून तिच्यापुढे धरलं.

"खा. रॉकेट आहे."

आधी शेंगदाण्यासारखी चव आली, मग मोहरीसारखा झणका सरळ नाकात चढला. तिच्या डोळ्यांतून पाणीच आलं.

"काहून हसून राहिले? रडवलं ना मले!"

"हसलो… पण तुम्ही डोळे पुसले तेव्हा थांबलो," तो हळूच म्हणाला. हर्षाने आणखी एका पानासाठी हात पुढे केला.

सव्वा महिन्यात हळूहळू बाकीचंही कळलं. कळमेश्वरच्या एका कारखान्यातली पक्की नोकरी सोडून तो ही पानं पिकवायला आला होता. आई, सिंधूताई, रविवारी ट्रे बघायला येणार होती. तिला पटलं तर ठीक, नाहीतर सोमवारी परत कारखान्यात हजर; तिथली जागा अजून राखलेली होती.

"आईले शब्द देला मी," तो म्हणाला. रविवारला किती दिवस उरले, ते हर्षा बोटांवर मोजू लागली.

शनिवारी दुपारी तो पानं भरायचे डबे आणायला बाजारात गेला. आपणही काही मदत करावी म्हणून हर्षाने पानं काढायला घेतली. बाजारात मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, जशी मुळासकट जुडीत मिळते, अगदी तश्शी. मूठ धरली, मुळासकट ओढली, पाण्यात खळबळून कोकोपीट काढलं आणि दोऱ्याने अकरा सुबक जुड्या बांधल्या.

प्रशिक आला आणि गच्चीच्या दारातच थबकला. "हर्षा… हे काय केलं तुम्ही?"

"काढली ना पानं! मेथीसारखी."

"कात्रीनं कापतात ती… वरून. खालचा गाभा ठेवला की दहा-पंधरा दिवसांत पुन्हा फुटतात. आईले भरलेला ट्रे दाखवायचा होता मले."

तो रागावला नाही, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. मग त्याने एक जुडी सोडली, दोऱ्यासारखी मुळं बोटावर घेतली.

"ओली आहेत अजून. लेट्यूस कधी कधी पुन्हा मूळ धरते. लावून पाहू?"

पेन्सिलच्या टोकाने भोक पाडायचं, मूळ सोडायचं, बोटाने दाबायचं. एक, दोन, वीस, शंभर… दोन डोकी ट्रेवर एकमेकांना लागायला आलेली. बोटांना बोटं लागली, आणि कुणीच हात मागे घेतला नाही.

"रागवा ना गा एकदा!" ती एक मूळ दाबत म्हणाली.

"रागवू कसा… माह्यासाठीच केलं ना तुम्ही."

दिवे लागले तेव्हा लावून झालं होतं. सगळी पानं मात्र माना टाकून पडली होती. हर्षाने आपली सुती ओढणी ओली केली, चार काड्यांवर ताणली आणि ट्रेवर छत केलं.

रविवारी उजाडताच दोघं गच्चीवर आले. तिने भीत भीत ओढणी उचलली… आणि ती ट्रेवर वाकली. पालक आणि रॉकेट गेलं होतं, बीटही गेलं होतं. पण लेट्यूस उभं होतं! हिरवं आणि लाल, दोन्ही. आणि कित्येक पानांच्या कडेवर पाण्याचे थेंब ओळीने बसले होते.

"दव पडलं?" तिने कुजबुजत विचारलं.

"ओढणीखाली कुठलं दव? मुळांनी पाणी ओढलं. जास्तीचं झालं ते पानानं बाहेर टाकलं." प्रशिकने एका थेंबाला बोट लावलं. "जगली, हर्षा."

हर्षा एकेक उभं रोप मोजत गेली. एवढंसं मूळ, एवढी एकच रात्र, आणि त्या मुळाने हे केलं होतं.

दहाच्या सुमारास सिंधूताई आल्या. "जयभीम, काकू," म्हणत हर्षा पुढे झाली आणि त्या बसायच्या आधीच तिने पानं उपटल्याचं सगळं कबूल करून टाकलं. सिंधूताईंनी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात निंदण-खुरपण केलेलं. त्यांनी एका रोपाच्या बुडाशी बोट लावलं आणि एक पान उलटून पाहिलं.

"उपटलेलं धरलं… नवलच आहे बाप्पा."

प्रशिकने कात्रीने पानं कापली आणि लिंबू, मीठ, शेंगदाण्याचा कूट घालून ताटलीत दिली. त्यांनी ताटली संपवली.

"चांगलं लागते. पण यावर पोट भरन का, ते मले नाही समजत." त्या हर्षाकडे वळल्या. "तू सांग वं पोरी. यानं उद्या कारखान्यात जाव, का इथं राहाव?"

"राहावं."

"पानांसाठी?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं! हर्षाचे कान तापले.

"नाही, काकू. माझ्यासाठी. मले… हा इथं पाहिजे."

प्रशिकच्या हातातली कात्री तशीच राहिली. सिंधूताईंनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"मंग कारखान्यात फोन लाव," त्या लेकाला म्हणाल्या. "येत नाही म्हण."

पण प्रशिक फोन शोधतच नव्हता. "तू… खरंच म्हणून राहिली?" त्याच्या तोंडून पहिल्यांदाच 'तू' निघालं.

"खरंच."

"महिना झाला, मी पाठ करून राहिलो कसं म्हणायचं ते… अन् तू एका दमात…"

"मग म्हण ना."

"आईसमोर?"

"म्हण बाप्पा," सिंधूताई म्हणाल्या आणि कठड्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

आणि त्याने म्हटलं.