अंधारातला वरचा सूर

"संध्याकाळी निकाल आहे, वहिनी, आणि या बाई म्हणतात, आज वेरोनात त्यांचं नाक कापलं जाणार!" जीनो पायऱ्या चढतानाच ओरडला.

त्याच्यामागून सिन्योरा ब्रेंतारी धापा टाकत आल्या. उघड्यावरच्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांची स्पर्धा होती आणि त्या परीक्षकांच्या प्रमुख. बक्षीस साधंसुधं नव्हतं. ज्या सोप्रानोचं, म्हणजे उंच पट्टीतल्या गायिकेचं गाणं पहिलं येईल, तिला उन्हाळी हंगामाची पहिली रात्र मिळायची.

"लेओनिल्दा मार्किओरीची कॅसेट सर्वांत सरस आहे," त्या म्हणाल्या. "पण सकाळी कुणा बाईचा फोन आला. 'टाळ्यांपर्यंत ऐका' एवढंच बोलली आणि ठेवला."

जीनोनं यंत्र झटक्यात जोडलं.

"ब्रावो, जीनो!" एर्सिलियावहिनी म्हणाल्या. नवरा गेल्यावर त्यांनी तपासाचा धंदा उघडला आणि या धाकट्या दिराला मदतीला घेतलं. उमेदीची वर्षं त्यांनी ऑपेराच्या रंगमंचाखाली बसून गायकांना शब्द सुचवण्यात घालवली होती, त्यामुळे कान भलते तिखट.

कॅसेट सुरू झाली. लेओनिल्दाचा आवाज चढत गेला आणि मध्येच थांबला. लोकांत कुजबुज झाली. लांब देवळाची घंटा वाजू लागली, आणि ती वाजत असतानाच आवाज पुन्हा उसळला. मोकळा, धारदार, वरच्या सुराला भिडणारा! जीनोच्या अंगावर काटा आला. लोक तर बेभान झाले होते. "ब्रावे! ब्रावे!" टाळ्या थांबेनात.

"आवाज एकदम वीस वर्षांनी तरुण झाला," ब्रेंतारीबाई पुटपुटल्या. "म्हणूनच भांडतोय आम्ही परीक्षक."

"कळलं!" जीनोनं मांडी थोपटली. "तरुणपणीची कॅसेट जोडली!"

"आणि घंटा? ती सलग वाजतेय, भाऊजी. जोड कुठे आहे?"

जीनोनं यंत्र बंद केलं आणि तिघंही निघाली.

परीक्षकांच्या इमारतीत सगळे निकालाची वाट बघत होते. मैफल भरवणारा उबाल्दो स्गार्त्सी छाती काढून पुढे आला.

"वाऱ्यानं दिवे गेले हो, बॅटरीवरचं यंत्र तेवढं चालू! पण आमच्या बाई डगमगल्या नाहीत, अंधारातच गायल्या. लोक 'ब्रावा' म्हणून नुसते ओरडत होते!"

"पाठीमागे कोण होतं?" वहिनींनी विचारलं.

"कोरसच्या पोरी. पण त्या गाण्यात त्यांना कामच नाही. गप्प बसून होत्या."

लेओनिल्दा खिडकीशी बसली होती. ती हळूच म्हणाली, "गाणं संपल्यावर लोकांनी गुच्छ दिला. अर्धा मी ठेवला."

"आणि उरलेला?"

तिनं मान वळवली. शेजारी कोरसमधली नीवेस शालीची झालर पिळत उभी होती.

"तू गायलीस का गं त्या रात्री?"

नीवेसनं आधी स्गार्त्सीकडे पाहिलं. "कोरसला ते गाणं नसतं, सिन्योरा."

"हे उत्तर नव्हे," वहिनी हसून म्हणाल्या, आणि त्यांनी सगळ्यांना दालनात बोलावलं. जीनो लगबगीनं मागोमाग गेला. वहिनी हसल्या की कुणाची तरी धडगत नसते.

"सिन्योर स्गार्त्सी, बाई चांगली गायली तर आपण काय ओरडतो?"

"ब्रावा. शेंबडं पोरही सांगेल."

"पुरुष असेल तर ब्रावो. दोघेही असतील तर ब्रावी. मग कॅसेटवर 'ब्रावे' का?"



"परदेशी पाहुणे असतील," स्गार्त्सी म्हणाला.

"ते सरसकट सगळ्यांना ब्रावो म्हणतात. वादकांना दाद द्यायची तर त्यांत पुरुष होते, ब्रावी झालं असतं. ब्रावे फक्त बायकांना, तेही एकीहून जास्त असल्या तरच. दिवे गेले, बाईंचा सूर अडकला आणि मागून कुणीतरी गाणं उचललं. दिवे आले तेव्हा लोकांना पुढे दोघी दिसल्या. गुच्छाचे म्हणूनच दोन वाटे झाले. कोरस गप्प होता ना? मग काम नसलेली एक मुलगी बाईंशेजारी कशाला येईल? स्गार्त्सी, टाळ्या कापल्या असत्या तर सुटला असतात. पण तेवढा गजर सोडवेना तुम्हाला!"

"शब्दांचा कीस काढताय! नीवेस, सांग यांना. पुढच्या वर्षी काम हवंय ना तुला?"

"तिला धमकावू नकोस," लेओनिल्दा उठली. "फोन मी केला होता. अंधारात घाबरले मी. नीवेस गायली. बक्षिसाच्या लोभानं हा म्हणाला गप्प बस, आणि मी बसले. उघड सांगायची हिंमत नव्हती, म्हणून नाव न सांगता फोन केला."

ब्रेंतारीबाई पुढे आल्या. "एका गायिकेच्या नावावर दोघींचं गाणं चालणार नाही. कॅसेट बाद. पहिली रात्र तुमची नाही, लेओनिल्दा." मग त्या नीवेसकडे वळल्या. "पण तुझं गाणं ऐकायला आम्हाला कुणी अडवलेलं नाही. पियानो इथेच आहे. गातेस?"

नीवेसनं घाबरून लेओनिल्दाकडे पाहिलं. जीनोला राहवेना. "गा की गं पोरी!" तो ओरडला.

लेओनिल्दानं खुर्ची ओढली आणि अगदी पुढे येऊन बसली.

"गा," ती म्हणाली. "त्या रात्री भीतीनं माझे कान बंद झाले होते. तू कशी गायलीस ते मी अजून ऐकलंच नाही."