वरची गाठ

तुकईथडच्या सुकलालला सुनेनं विष घातलं, अशी तक्रार त्याच्या थोरल्या मुलानं, धर्मेंद्रनं केली होती. पण शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. चारुलतांना विषाचा मागमूसही लागला नाही. जठरात दिसलं ते भलतंच. त्याची तपासणी पुरी होताच त्यांनी फौजदार भूपेंद्रना फोन केला, "धर्मेंद्रला आणि सुनेला घेऊन लगेच या."

धर्मेंद्र येऊन खुर्चीत बसला. धाकट्या भावाची विधवा मोनाली दाराशीच उभी राहिली.

"सुकलाल आबांना काय झालं होतं?" चारुलतांनी तिला विचारलं.

"पोटात गाठ होती. उन्हाळ्यात ऑपरेशन झालं. एकच गाठ होती, निघाली, असं या थोरल्या दिरांनी, जेठजींनी, घरी सांगितलं. मग जेवण तुटलं, उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात नेऊ म्हटलं की जेठजी म्हणायचे, कमजोरी है, ठीक हो जाएगा."

"डॉक्टरांशी कोण बोलायचं?"

"मीच, मॅडम," धर्मेंद्र म्हणाला. "वरची गाठ तर साफ निघाली होती. मग माणूस वाळला कसा? आबांनी केळीचं शेत हिच्या नावावर केलं, अन् महिन्यात गेले!"

चारुलतांनी अहवाल त्याच्यासमोर सरकवला.

"जठरात दोन गाठी होत्या, दोन वेगळ्या जातींच्या. एक वर, भिंतीच्या थरात. ती काढली. दुसरी खाली, आतल्या अस्तरातून वाढलेला कर्करोग. एकाच माणसाला दोन्ही, असं क्वचितच होतं. आबा त्या दुसरीनं गेले. पण धर्मेंद्र, घरी तुम्ही एकच सांगितली. एकच गाठ असली तर तिला कुणी 'वरची' म्हणत नाही. खालची ठाऊक असलेलाच म्हणतो."

धर्मेंद्रचा चेहरा उतरला.

"खालचा तुकडा तपासायला दिला होता, त्याचा निकाल मागून आला," तो पुटपुटला. "डॉक्टर म्हणाले, पुन्हा ऑपरेशन लागेल. मला वाटलं, शेताचे कागद व्हायच्या आधीच आबा..."



"अन् कागद झालेच, म्हणून हिच्यावर विषाचा आळ," भूपेंद्र म्हणाले. "मॅडम, खोट्या तक्रारीचं कलम लावतो. पण बापाला असं मरू दिलं, त्याला काय लावू?"

मोनालीनं जेठाकडे पाहिलंही नाही.

"आबा ताट सरकवायचे, म्हणायचे घास उतरत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "मला वाटायचं, नखरे करतात. मी रागवायची, मॅडम. जबरदस्तीनं भरवायची."