तिसरा विषय

साकोलीच्या कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीजवळ मी उभी होते, आणि एक मुलगा सरळ माझ्यापुढे कागद धरून म्हणाला, "मॅडम, एवढं तपासून द्या जी."

मॅडम! माझी बारावी नुकती झालेली. पण कानावर पेन खोचायची सवय मला बाबांकडून लागली आहे, त्याचा तरी काय दोष?

"मीबी ॲडमिशनलेच आली आहो," मी म्हटलं.

त्याचे कान लाल झाले. बाहेर रिमझिम सुरू होती, आणि पत्र्याखाली दोघांपुरतीच कोरडी जागा होती.

"नीटची परीक्षा?" मी विचारलं.

"हुकली. तुमची?"

"माझीबी."

तो चंद्रकुमार. गाव आंबागड, साकोलीत मामाकडे राहणारा. मी एकोडीची कामिनी. बीएस्सी करता करता नीट पुन्हा द्यायला बाबांनी होकार दिला होता, पण ही शेवटची. नाही जमलं तर डॉक्टरकीचं नाव काढायचं नाही.

झुऑलॉजी आणि केमिस्ट्री तर घ्यायचीच होती. तिसरा विषय आपल्या मनाचा, बॉटनी किंवा फिजिक्स. मला बुडवलं होतं फिजिक्सनेच. शहाण्या मुलीने तेच घेतलं असतं.

"तुमी काय घेऊन राहिले?" मी विचारलं.

"बॉटनी..." तो माझ्याकडे पाहत म्हणाला. "अन् तुमी?"

"बॉटनी," मी म्हटलं. अक्कल गहाण ठेवतात ती अशी.

प्रॅक्टिकलला आम्हाला एकच टेबल मिळालं. देठाची पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची, तर याची चकती बोटाएवढी जाड.

"भाजी चिरून राहिले काय?"

"तुमी रांधत असान त... चिरतो भाजीबी."

मी भिंगाला डोळा लावला. काही दिसत नव्हतं, तरी बराच वेळ पाहत राहिले. फार छान दिवस होते ते.

घरी मात्र फिजिक्सचं एकही गणित सुटत नव्हतं. एका संध्याकाळी बाबा धानाच्या रोवणीवरून आले, गुडघ्यापर्यंत चिखल. "झाला काय अभ्यास, डॉक्टरीणबाई?" त्यांनी कौतुकाने विचारलं. मला मान वर करवेना. एका पोरासाठी मी माझं वर्ष पाण्यात घालत होते. त्याच रात्री ठरवलं, विषय बदलायचा.

बदलायच्या शेवटच्या दिवशी चंद्रकुमारला सांगितलं, मी लाखनीला मावशीकडे जाते. तो म्हणाला, मी आंबागडला. आणि खिडकीपाशी पोचले, तर माझ्यापुढे तोच उभा!

"आंबागड एवढं जवळ आलं काय जी?"

"अन् तुमची मावशी खिडकीत बसते काय?"

दोघंही फिजिक्ससाठीच आलो होतो. आतून कारकून बाबू म्हणाले, "फिजिक्सची एकच जागा उरली हाये. कोण घेते?"

नंबर त्याचा होता. तो वळला. "नीटमंधी फिजिक्सले किती होते तुमाले?"

हा आकडा मी घराबाहेर कुणाला सांगितला नव्हता. "सेहेचाळीस... तुमाले?"

"पंच्याहत्तर." तो बाजूला झाला. "जा पुढं."

"नाई जी, नंबर तुमचा हाये."

तो हलला नाही. खोटं कशाला बोलू, दुसऱ्यांदा मी नाही म्हटलं नाही. सही केली. जे हवं होतं ते मिळालं, आणि बाहेर येताना लक्षात आलं, काय गेलं ते. दोन्ही विषयांची प्रॅक्टिकलं एकाच वेळी असतात. आमचं टेबल गेलं.

सायकल स्टँडवर तो कुलूप काढत होता. मला रागच आला.

"वर्गात जे शिकवतीन, ते रोज माझी बस येईस्तोवर तुमाले सांगीन मी. पण जागा काहून सोडली? तुमाले नाई का डॉक्टर व्हाचं? प्रेमात पडून असं कोणी..."

शब्द तोंडातून निघून गेला होता.

"प्रेमात पडून नाई सोडली," तो खाली पाहतच म्हणाला.

मी पटकन विचारलं, "मंग?"

"तुमचे मार्क खरंच लय कमी हायेत जी."

मला हसू येत होतं आणि डोळे भरत होते. त्याने मान वर केली. कान पुन्हा लाल.

"प्रेम हाये... पण ते वेगळं."

"माझंबी हाये," मी म्हटलं. "अन् तेबी वेगळंच."